तक्तपोशीवरच्या काकू

सुनंदाची पत्र्याची पेटी तिच्या वडिलांनी डोक्यावर घेतली होती आणि मी फाटकात आडवी उभी होते.

"मॅडम, सरका. पोरले घर लई जास मी."

"आबा, दहावीचं वर्ष आहे. परीक्षा तोंडावर आली."

"जीव ऱ्हायना ते परीक्षा! वर भूत शे, बठ्ठा गाव सांगस."

सुनंदा मागे उभी राहून रडत होती. भुताला भिऊन नव्हे, घरी जावं लागतंय म्हणून. ते रडणं मला चांगलं ओळखू येतं. माझे वडील रावेरला ट्रकमध्ये केळीचे घड भरायचे. घरात सहा माणसं, खोली एक. अभ्यासाला बसायचं तर शेजारच्यांच्या ओट्यावर, तेही त्यांची जेवणं उरकल्यावर. मी बी.ए. झाले ती सरकारी वसतिगृहात जागा मिळाली म्हणून. आमच्या भाऊबंदांत तोवर कॉलेजचं फाटक कोणी ओलांडलं नव्हतं. हे मी अजूनही कोणी न विचारता सांगते.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. चोपड्याला मुलींच्या वसतिगृहात मी गृहपाल होते. गृहपाल म्हणजे मुलींची आई, कारकून, चौकीदार आणि वेळ पडली तर प्लंबर. इमारत भाड्याची होती. वर मंगलोरी कौलं, खाली लाकडी फळ्यांची तक्तपोशी, आणि दोन्हींच्या मधे माणूस रांगत जाईल एवढी पोकळी. दिवाळीनंतर त्या पोकळीत आवाज सुरू झाले. दिवेलागणीला धावपळ, मग धपकन उडी, मधेच लहान मूल कुरकुरावं तसा आवाज.

इमारतीचे मालक नाना मागच्या गल्लीपलीकडे राहायचे. त्यांना आमची जागा मोकळी करून हवी होती, धाकट्या मुलाला तिथे कृषी केंद्र काढून द्यायचं होतं. मी तक्रार घेऊन गेले, तर त्यांनी कानाच्या पाळ्यांना हात लावला.

"मॅडम, आता लपवत नाही. आमच्या काकू आहेत त्या. ह्याच घरात गेल्या. परकं माणूस त्यांना घरात खपत नाही."

"मग नाना, आम्हाला भाड्याने देताना काकूंना विचारलं नव्हतं?"

नाना नुसते हसले. चार दिवसांत काकूंची कीर्ती गावोगाव पोचली.

मी जळगावला आमच्या साहेबांना फोन लावला.

"छताची दुरुस्ती मालकाकडे," साहेब म्हणाले.

"मालक म्हणतात भूत आहे, सर."

"बाई, भुताचं हेड आपल्या बजेटमध्ये नाही. मान्य संख्येचं बघा."

मान्य संख्या म्हणजे सरकारने ठरवून दिलेला मुलींचा आकडा. निम्म्या मुली गेल्या की वसतिगृह बंद होणार आणि उरलेल्यांना जळगावला पाठवणार. जळगावला एकही बाप पोरीला धाडणार नव्हता, हे मला माहीत होतं आणि साहेबांनाही. फाटकात एवढं अडवूनही सुनंदाची पेटी गेलीच. मागोमाग आणखी पेट्या जाऊ लागल्या.

वनखात्यात गेले. तिथले गृहस्थ म्हणाले, "जनावर दिसलं तर कळवा."

"दिसलं तर तुमच्याकडे कशाला येऊ?" मी म्हटलं आणि परत आले.

दुसऱ्या दिवशी अंधार पडायच्या आधी स्वयंपाकघरातला दिवा मालवून मी खिडकीशी बसले. जरा वेळाने मागच्या भिंतीवरच्या पन्हाळीच्या पाइपावरून एक लांबट, काळपट आकृती उलटी उतरली. तिच्यामागे दुसरी. मांजरीपेक्षा लांब, शेपूट अंगाएवढं. उदमांजर! केळीच्या बागांतलं हे जनावर मी लहानपणापासून पाहत आलेय, ते पिकलेला घड बरोबर हुडकतं. दोघं मागच्या ओट्यावर आली आणि तिथे मांडलेल्या ताटात तोंड घालून खाऊ लागली.

ताट? माझ्या वसतिगृहात ताट कोणी मांडलं?

स्वयंपाकाच्या यमुनाअक्कांना विचारलं.

"उतारा शे तो, मॅडम. काकूसाठी."

पहिला आवाज ऐकल्यापासून अक्का रोज दहीभात आणि पिकली केळी ओवाळून ठेवत होत्या. सकाळी ताट साफ, म्हणजे काकूंनी घेतलं. आवाज वाढला की काकूंची भूक वाढली, मग केळी वाढवायची. मुलीही आपल्या वाट्याची केळी घालायच्या. भूत जावं म्हणून आम्ही सरकारी खर्चाने उदमांजरांची खानावळ चालवत होतो.

"अक्का, ती उदमांजरं आहेत. मी डोळ्यांनी पाहिली."

"भूत कोनतं बी रूप लेस, मॅडम."

यावर बी.ए.ला उत्तर शिकवलेलं नाही. मुलींनीही अक्कांच्याच बाजूने माना हलवल्या. मग मी वाद सोडला आणि अक्कांनाच नियम विचारला.

"उतारा कुठे ठेवतात हो?"

"तिठ्यावर."

"मग तुम्ही ओट्यावर का ठेवता?"

अक्का ओशाळल्या. तिन्हीसांजेला बाहेर जायची त्यांना भीती वाटायची.

"म्हणूनच काकू इथे रमल्या. आपणच त्यांना घरात जेवायला वाढतोय. पण एकदम हाकलायचं नाही, रागावतील. रोज थोडं थोडं पुढे न्यायचं. मी येते बरोबर."

हे मात्र सगळ्यांना पटलं. ताट ओट्यावरून पेरूच्या झाडाखाली गेलं, तिथून कुंपणापाशी, मग गल्लीपलीकडे. तिठा नानांच्या घरामागे होता. त्यांच्या परसात मोठा निंब होता आणि त्याची फांदी थेट त्यांच्या माळ्याच्या झरोक्याला टेकलेली होती. तिठा मी बांधलेला नव्हता आणि निंब मी लावलेला नव्हता. मी फक्त ताट सरकवत होते.

आमच्याकडचा आवाज थांबला. कौलांखालच्या फटीपाशी मी राख पसरून ठेवली. पावलं उमटायची बंद झाली, म्हणजे आत पिल्लूसुद्धा राहिलेलं नाही. मग सुताराकडून जाळी ठोकून घेतली.

थोड्याच दिवसांत नाना दारात. डोळे तारवटलेले.

"मॅडम, आमच्या माळ्यावर कोणी तरी नाचतंय. तुम्ही काय उपाय केला होता?"

"आम्ही कसला करणार, नाना? काकू तुमच्या."

नानांना हसावं की चिडावं कळेना. "बरं, ते राहू द्या. जनावर कोणतं आहे?" त्यांनी हळूच विचारलं.

"जनावर? गावाला सांगू का मग तसं?"

काकू खोट्या म्हणाव्यात तर गावात हसं, खऱ्या म्हणाव्यात तर त्या आता त्यांच्याच डोक्यावर. मी त्यांना राख, जाळी आणि निंबाची फांदी तोडण्याचा सल्ला दिला. बोलता बोलता भाडेकरार वाढवून घेण्याचा विषयही काढला. नानांनी आढेवेढे घेतले नाहीत.

उतारा मग बंद केला. काकू घरी पोचल्या, आता वाढायचं कोणाला, हे अक्कांनीच ठरवलं.

बातमी माझ्याआधी गावोगाव गेली. पुढच्या बाजारच्या दिवशी सुनंदाचे वडील पेटी डोक्यावर घेऊन फाटकात आले. या वेळी मी बाजूला झाले.

"काकू तिना घर चालनी गई म्हने," ते म्हणाले. "बरं झायं. भूतले बी कयस, आपलं घर कोनतं शे!"

मी मान डोलावली. उदमांजराचं नाव काढलं नाही.

नोकरीत नव्या आलेल्या गृहपालांना मी एवढंच सांगायचे, की वर आवाज झाला तर आधी खाली काय वाढून ठेवलंय ते बघा. आणि लोकांची समजूत काढण्यात वर्ष घालवू नका, मुलींचं वर्ष वाया जातं.

गेलेल्या बहुतेक पेट्या परत आल्या. वसतिगृह त्याच इमारतीत राहिलं. सुनंदा दहावीला बसली आणि पास झाली. त्यांच्या घरात दहावी झालेली ती पहिली.