संध्याकाळचा भोंगा

शंकरप्पांच्या घरात घड्याळ नव्हतं. हयात सोलापुरातल्या एका मिलच्या सूतखात्यात गेली. भोंगा झाला की निघायचं, भोंगा झाला की परतायचं. नोकरी संपल्यावरही त्यांचा दिवस भोंग्यावरच चालायचा. त्यामुळे संगप्पाला वेळ शिकवायची पाळी आली तेव्हा त्यांनी भोंगाच शिकवला.

संगप्पा बाविशीतला, अंगानं दांडगा, हसरा. मतिमंद म्हणून शाळेनं त्याला दुसरीतूनच घरी पाठवलं होतं. अशा मोठ्या झालेल्या मुलामुलींसाठी दोन शिक्षिकांनी मठाच्या मागच्या खोलीत वर्ग काढला होता. एकेकाला हाताशी धरून काही शिकवायचं काम गावातल्या एकेका माणसानं बिनपगारी घ्यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. शंकरप्पांच्या वाट्याला संगप्पा आला.

त्याची आई चंद्रव्वा विड्या वळायची आणि दम्यानं खंगत चालली होती. तिचा भाऊ कल्लप्पा अक्कलकोटकडचा. आला की पोराला गावी नेतो म्हणायचा. एका सणाला त्यानं संगप्पाला गोठ्यातल्या खांबाला बांधून ठेवलेलं चंद्रव्वानं पाहिलं होतं. पोरगा स्वतः कामाला जाऊन परत येऊ लागला तर भावाला नाही म्हणता येईल, एवढंच तिनं शंकरप्पांकडं मागितलं.

चरख्यावर सूत गुंडाळून मागासाठी कांड्या भरायला शिकण्यात वर्ष गेलं. मग शंकरप्पांनी त्याला महादेवप्पांच्या चादरींच्या कारखान्यात लावून दिलं. शहरात इतर मिलचेही भोंगे होते. संगप्पाला ओळखता यायचा तो शंकरप्पांच्या मिलचाच. सकाळी त्यावर तो घरून निघे, संध्याकाळी त्यावर चरखा थांबवी. आले बघा म्यानेजर, अशी विणकर त्याची थट्टा करत. त्याला ते खरं वाटे. पुढच्या खेपेला कल्लप्पा आला तेव्हा चंद्रव्वानं त्याला चहा पाजला आणि एकट्यालाच परत पाठवलं.

चौऱ्याहत्तर साली एका दुपारी मिलला टाळं लागलं. सगळ्यांबरोबर शंकरप्पाही फाटकावर गेले. संध्याकाळ झाली, भोंगा झाला नाही. गर्दीतलं बोलणं आपोआप थांबलं. शंकरप्पांनी डोळे पुसले. रडू आलं ते मिलसाठी. संगप्पा त्यांच्या मनातही आला नाही.

महादेवप्पाही फाटकावरच होते. कारखान्यातून निघताना विणकर संगप्पाला चल म्हणाले. भोंगा व्हायचाय, असं तो म्हणाला. ते हसले आणि गेले. तो भरत राहिला. सूत संपलं. तेव्हा मागावर चढवलेले चादरीचे उभे धागे ओढून काढून तो त्यांच्या कांड्या भरू लागला. दिवे लागल्यावर महादेवप्पा परतले, तोवर दोन माग उघडे पडले होते. संगप्पाची बोटं सुतानं कापली होती आणि चरखा चालू होता.

महादेवप्पांनी त्याला हात लावला नाही. बोटांना हळद लावून घरी पोचवलं. सकाळी शंकरप्पा आले. उद्यापासून दिवसभर मी त्याच्यापाशी बसतो, म्हणाले.

"पोरगं वाईट न्हाय," महादेवप्पा म्हणाले. "पर तुमी किती वर्सं बसाल, अण्णा?"

शंकरप्पा साठी कधीच ओलांडून गेले होते. संगप्पाचं काम सुटलं.

मग ते चंद्रव्वाकडं गेले. आपलं चुकलं, एवढंच बोलले. तिनं पानात तंबाखू भरणं थांबवलं नाही.

"तुमी शिकवलं तेच केलं की त्यानं," ती म्हणाली.

त्या महिन्यातच कल्लप्पा पोराला न्यायला आला. शंकरप्पा स्टँडवर गेले. काम झालं असं सांगितलं की तो थांबतो, बांधावं लागत नाही, हे त्यांनी कल्लप्पाला पुन्हा पुन्हा सांगितलं.

"कवा परतायचं हे म्हशीला बी कळतंय की," कल्लप्पा म्हणाला आणि गाडीत चढला.

संगप्पा खिडकीशी बसला होता. गाडी मिळाली म्हणून खुशीत होता. त्यानं बाहेर तोंड काढलं.

"अण्णा, उतरायचं कवा?"

शंकरप्पांनी गजावरचा त्याचा हात धरला. गाडी सुरू झाली होती.

"मामा सांगतील तवा," ते म्हणाले.