आक्काची किळस

आक्का गेल्याचा निरोप पुसेगावहून तिच्या सासरचाच एक माणूस घेऊन आला. पाणी पिऊन, तोंड पुसत म्हणाला, "बाई चांगली व्हती, पर लेकरू खाल्लं तिनं." माझ्या थोरल्या बहिणीची राख निवली नव्हती आणि ह्याला आठवलं ते हे! मला शिसारी आली.

त्या लेकराचं मला ठाऊक आहे. मी तेव्हा तिच्याकडेच होते. तान्ह्याला धाप लागली होती, श्वास घेताना पोट खपाटीला जायचं. खवल्या मांजराचा खवला गळ्यात बांधला की धाप उतरते म्हणून तिच्या दिराने वारूळ खणून एक जिवंतच आणलं. अंगाचा गोळा करून ते मुकाट पडलेलं. खवले सुटावेत म्हणून तसंच उकळत्या हंड्यात सोडलं... तो वास अजून माझ्या नाकातून जात नाही. खवले ओरबाडताना मंडळी हसत होती. आणि अंगणाच्या कोपऱ्यातल्या कुजक्या ओंडक्यावर पावसाळ्यात बुरशीसारखा एक पिवळा, लिबलिबीत गोळा धरला होता, कुत्रं ओकल्यासारखा, हळूहळू जागा बदलणारा. त्याला मात्र हेच लोक नाक दाबून वळसा घालत होते!

आक्का उंबऱ्यात आली. "त्याला ना कातडं, ना तोंड. त्याला कोणी हात लावत न्हाई. अन् ह्याला देवानं एवढं चिलखत देलं, तर तुमी तेच सोलून राहिले. किळस कशाची यावी, तेबी कळंना का?"

सासूने काळ्या दोऱ्यात ओवलेला खवला आणला. आक्काने बाळ पदराखाली घेतलं. "हे न्हाई बांधू देणार. हिंगोलीला डाक्टरकडं न्या." ती रडली, भांडली, कोणी गाडी जुंपली नाही. बाळ गेलं. न जुंपणारे सगळे नामानिराळे राहिले आणि दोष जन्मभर तिच्या माथी. ती उलटून कधी बोलली नाही, ह्याचा मला फार राग यायचा.

आक्काचं तेरावं झाल्यावर पुन्हा पुसेगावला गेले, तर तिच्या मागून झालेल्या लेकाच्या तान्ह्या पोरीच्या गळ्यात खवला! "हे काहून बांधलं?" मी विचारलं. सून म्हणाली, "मावशी, आता नको म्हणणारं कोण हाय?"

मी कात्री मागितली. कोणी हललं नाही, तेव्हा दोरा दातांनीच तोडला. घामट, तेलकट... थुंकून टाकला. खवल्याने कोवळा गळा लाल झाला होता. लेकरांना न्हाऊ घालताना आक्का गळ्याच्या वळीतून हलकेच बोट फिरवायची. तसंच मी फिरवलं. गुदगुल्या होऊन पोरगी खुदकन हसली.