ओढ्याची वाट अडवणाऱ्यांनो

चाचांना गव्यानं मारलेलं नाही.

आपण मारलंय.

गावच्या चौकात आज फ्लेक्स लागलाय. "गव्याच्या हल्ल्यात आपल्यातून निघून गेलेले दस्तगीरचाचा." खाली बारा जणांचे फोटो, हात जोडून, गॉगल लावून.

त्यातली निम्मी पोरं त्या दिवशी गाड्या घेऊन ओढ्यावर होती. मला नावं माहीत आहेत. एक नाव तर आमच्याच रेशनकार्डावर आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी आता विश्रामबागला राहते, पण गाव उंब्रजच्या वर, डोंगराच्या पायथ्याला. दस्तगीरचाचा आमचे शेजारी. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचे. गावातली प्रत्येक विहीर, प्रत्येक बांध त्यांना पाठ.

म्हणून उसात गवा उतरला की लोक पहिला फोन चाचांना करायचे. मग वनखात्याला.

चाचांची पद्धत साधी होती. गवा ओढ्याच्या कडेनं खाली येतो आणि त्याच कडेनं वर जातो. ती वाट मोकळी सोडायची. बाकीच्या बाजूंना माणसं लांब उभी करायची, एकदम गप्प. दिवस कलला की तो आपला आपण जातो.

"त्याला काय आपली तोंडं बघायची हौस हाय व्हय?" म्हणायचे. "वाट दिसली की जातंय गडी."

तीन वेळा गेला. ऊस थोडा मोडला, माणसाला साधा ओरखडा नाही. तीन वेळा!

त्याचा एकही व्हिडिओ नाही. बघण्यासारखं काही घडलंच नव्हतं ना.

मागच्या वर्षी आजच्याच दिवशी, सकाळी, तो परत आला. मी सुट्टीला गावीच होते.

कुणीतरी ग्रुपवर टाकलं. तासाभरात आजूबाजूच्या गावांतली पोरं हजर. ट्रिपल सीट. जत्राच भरली. वनखात्याचा एकच गार्ड, बिचारा शिट्टी फुंकून फुंकून दमला.

आणि गाड्या लावल्या कुठं?

ओढ्याच्या वाटेवर. का, तर तिथनं गव्याचं तोंड समोरून घावतं. व्हिडिओ क्लिअर येतो.

मुडदा बसवला तुमच्या व्हिडिओचा!

चाचा गाड्या हलवायला गेले. वय बासष्ट, गुडघे गेलेले. एकेक गाडी स्वतः ढकलत होते.

"गाड्या काढा रं हितनं. त्याची वाट हाय ती. पाया पडतो तुमच्या."

माझा सख्खा भाऊ गाडीवरनं उतरलासुद्धा नाही. म्हणाला, "पाचच मिन्टं चाचा, लाईव्ह चालू हाय."

तेवढ्यात पलीकडून कुणीतरी उसात फटाक्यांची माळ फेकली.

गवा निघाला तो त्याच्या नेहमीच्या वाटेनंच निघाला. पोरं पळाली. चाचा गाड्यांच्या मध्ये अडकले.

सगळं आहे त्या व्हिडिओत. फॉरवर्ड करताना एकदा नीट बघा.

आता गावानं निवेदन काढलंय. गव्यांचा बंदोबस्त करा म्हणे. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! बंदोबस्त करायचाच असेल तर पहिला आपला करा.

त्या कागदावर सही घ्यायला चाचीकडंसुद्धा गेले होते. कालच तिनं फोनवर सांगितलं. ती त्यांना म्हणाली, "माझा माणूस ज्याची वाट मोकळी करताना गेला, त्यालाच मारा म्हणून मी सही करू? च्या घ्या आन् जावा."

शाब्बास चाची.

दादा, हे वाचून तू मला ब्लॉक करशील. कर. आईला काय सांगायचं ते सांग. वर्ष झालं, शेजारच्या घराची पायरी चढला नाहीस. चाचीच्या डोळ्याला डोळा द्यायची हिंमत नाही, आणि फ्लेक्सवर हात जोडून उभा? लाज वाटू दे जरा.

एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही.

कराडला दवाखान्यात नेताना चाचांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. शुद्धीवर होते. स्वतःबद्दल एक शब्द नाही. एवढंच विचारलं,

"ग्येला का गं वर?"

"गेला चाचा. डोंगरात गेला."

"बेस झालं," म्हणाले.

त्यानंतर ते बोलले नाहीत. कराड यायच्या आधीच गेले.

गवा डोंगरात गेला नव्हता. पुढं गाड्या आडव्या, म्हणून उलटा फिरला. मग गावभर पळवला त्याला. आमची गाडी निघाली तेव्हा तो शाळेच्या भिंतीपाशी पडला होता, तोंडाला फेस, पाय झाडत. मी माझ्या डोळ्यांनी बघितला. भोवती सगळे मोबाइल.

आज भावपूर्ण वगैरे लिहायला माझा हात होत नाही.

चाचा, मी तुमच्याशी खोटं बोलले. माफ करा.