जुलाब, परसों से!

विद्यानगरात कुत्र्यामांजरांचा दवाखाना चालवला की किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साचतात. पेशंट बोलत नाही आणि मालक गप्प बसत नाही! त्यात माझ्याकडच्या निम्म्या तक्रारी जुलाबाच्या. तेव्हा जेवणं उरकली असतील तरच पुढे वाचा.

*

मी पुण्याची. लग्न होऊन हैदराबादला आले आणि पहिला धडा मिळाला तो एका लॅब्रॅडॉरच्या मालकाकडून. विचारलं, "जुलाब कधीपासून?"

"परसों से, मैडम."

परसों म्हणजे परवा, असा माझा सरळ पुणेरी हिशेब. साधं औषध दिलं, दहीभात सांगितला. कुत्रं काही बरं होईना. शेवटी खोदून खोदून विचारलं तर म्हणतो, "वोइच परसों मैडम, दसरे के टाइम पे!"

तेव्हा होळी होऊन गेली होती. इथे उलटून गेलेला कुठलाही दिवस परसोंच असतो, हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

*

जुलाब हटत नसले की शी लॅबला पाठवावी लागते, पोटात कुठला जिवाणू आहे ते कळायला. मलकपेठच्या एका गृहस्थांना बजावून सांगितलं, "सॅम्पल ताजं हवं हं!" दुसऱ्या दिवशी स्वारी कुत्र्यासकट रिक्षातून हजर.

"ताज़ा बोले ना मैडम? डब्बे में क्या लाना, कुत्ते कोच लेको आया!"

कुत्रं बराच वेळ बाकाखाली ढाराढूर झोपलं. कंटाळून ते घरी निघाले आणि मग रिक्षाच्या सीटवर त्याने भरपूर सॅम्पल दिलं. रिक्षावाला तसाच परत आला, माझ्याशी भांडायला!

*

पुण्याहून आलेलं एक आयटीतलं जोडपं. इंटरनेटवर वाचून बीगलला कच्चं चिकन आणि कच्ची अंडी घालत होतं. रिपोर्टात साल्मोनेला नावाचा जिवाणू निघाला. म्हटलं, आता सगळं शिजवून द्या.

"पण मॅम, रॉ इज नॅचरल ना?" बायको म्हणाली.

"साल्मोनेलासुद्धा नॅचरलच असतो, बाळा!"

नवरा खो खो हसला. म्हणून शिजवायचं काम त्याच्यावर आलं.

*

आता चिक्कडपल्लीचे देशमुख काका-काकू. मूळचे नांदेडकडचे शेतकरी, पण काकांचा जन्म इथलाच. काकूंच्या घरात लसूणसुद्धा परवानगी काढून येतो. काकांचा जीव त्यांच्या गावठी कुत्रीवर, चिमीवर. रविवारी ती काकांबरोबर लांब फिरायला जायची आणि आठवड्याच्या मध्यावर तिला जुलाब व्हायचे. औषधाने थांबायचे, की पुढच्या आठवड्यात पुन्हा सुरू. फरशी पुसायची काकूंनी.

"डॉक्टरबाई, आता हे शेवटचं," काकूंनी मला ठणकावलं. "या खेपेला हटलं नाही तर हिला नांदेडला माझ्या भावाच्या शेतावर पाठवणार."

काकांचा चेहरा एवढासा झाला. "हिच्याशिवाय मला घरात करमत नाही हो," ते मला म्हणाले. मला खरंच वाईट वाटलं.

सॅम्पल पाठवलं. रिपोर्ट आला: कॅम्पायलोबॅक्टर. दोघांना समोर बसवून सांगितलं, "हा जिवाणू बहुतेक वेळा कच्च्या कोंबडीतून येतो."

"कोंबडी? अहो, आमच्याकडे अंडंसुद्धा येत नाही! रिपोर्ट बदलला असेल तुमच्या लॅबवाल्यांनी."

"काकू, हिच्या पोटात कुठून तरी जातंय. ते सापडत नाही तोवर माझ्या औषधाचा काही उपयोग नाही."

"मग नांदेडच," काकू उठल्याच.

काकांनी चिमीकडे पाहिलं. चिमी शेपटी हलवत होती.

"नांदेड नक्को," काका म्हणाले. "रविवारी फिरायला नेतो ना, तिथला चिकनवाला हिला कच्चे तुकडे टाकतो. मी काही देत नाही हां! त्याचं दुकान बिर्याणीच्या हॉटेलला लागूनच आहे."

"आणि त्या हॉटेलपाशी तुमचं काय काम?"

काका माझ्या भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचायला लागले. काकूंनी त्यांच्या हातातून चिमीचा पट्टा काढून घेतला.

"नांदेड रद्द. आजपासून हिला फिरायला मी नेणार." मग त्या काकांकडे वळल्या. "अहो, मी विचारतेय. कधीपासून चाललंय हे?"

काकांनी घसा साफ केला.

"परसों से."