धुलाईघरातली साक्ष

माई इस्पितळाच्या धुलाईघरात एकोणीस वर्षं होती. चादरीवरचा डाग पाहून वॉर्ड ओळखायची, आणि तोंडाची फटकळ म्हणून मुकादमही तिला वचकून असे. तिच्या दोन जिवलग मैत्रिणी तिथेच कामाला होत्या. एकीला सगळे लांबडी म्हणत, दुसरीला चिवचिव. एकमेकींच्या बाळंतपणांना धावलेल्या, एका डब्यात जेवणाऱ्या.

वाफेच्या इस्त्रीयंत्रात हात जाऊ नये म्हणून लावलेली जाळी लांबडीने काढून ठेवली. जाळीमुळे काम रेंगाळतं म्हणे. माईने दोनदा बजावलं. तिसऱ्या दिवशी शेजारी काम करणाऱ्या बाईचा पंजा यंत्रात सापडून भाजला. चौकशी बसली, तेव्हा लांबडीने बेधडक सांगितलं की जाळी माईने काढली. चिवचिवच्या तोंडाला एरवी क्षणाची उसंत नसे. ती जमिनीकडे बघत नुसतं 'हो' म्हणाली. त्या 'हो'ने माईची नोकरी गेली.

माईचा तिळपापड झाला. नवरा गरीब गाय. जाऊ दे म्हणाला, देव बघतोय. "बघतोय ना? मग बोलत का नाही?" म्हणत तिने पातेलं आपटलं. चर्चला जाणंही सोडलं. तिथे जो तो क्षमेचे डोस पाजायचा. स्वतःचं काही न गेलेल्यांना बोलायला काय जातं?

एका दुपारी चर्चच्या पाळकांच्या पत्नी आल्या. सगळे त्यांना आत्याबाई म्हणत. त्यांनी माईच्या पुढ्यातले मटार ओढून घेतले आणि सोलू लागल्या. माई तासभर त्या दोघींचा उद्धार करत राहिली. शेवटी म्हणाली, क्षमा माझ्याच्याने होणार नाही.

"मी कुठे कर म्हटलं?" आत्याबाई म्हणाल्या. "प्रभूला त्याच्याच पंगतीत जेवणाऱ्या शिष्याने वैऱ्यांच्या हाती धरून दिलं. दुसऱ्याने शेकोटीपाशी ओळखच नाकारली. तुझं दुखणं त्याला समजावून सांगावं लागणार नाही. भांडायचं तर त्याच्याशी भांड. भांड्यांशी कशाला?"

दुसऱ्या दिवशी माई दार लावून प्रार्थनेला बसली. प्रार्थना कसली, कडाक्याचं भांडणच. देवालाही तिने सोडलं नाही. घसा बसला तेव्हा तिच्या लक्षात आलं, मध्ये कुणी तोडलं नव्हतं, 'जरा समजून घे' म्हटलं नव्हतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी तिचं सगळं ऐकून घेतलं होतं. ती ढसाढसा रडली, मग उठून पोटभर जेवली.

राग गेला नाही. पण तो घेऊन बसायला आता जागा होती. ती पुन्हा चर्चला जाऊ लागली. एका वसतिगृहात कपडे धुण्याचं कामही मिळालं.

वर्षभराने चिवचिव दारात आली. लांबडीच्या धाकाने बोलले, माफ कर म्हणाली. माईच्या अंगाची लाही झाली.

"जिथे खोटं बोललीस तिथे जाऊन खरं बोल," ती म्हणाली. "मग ये. तोवर तुझ्यासाठी प्रार्थना करीन, पण दातओठ खाऊनच."

चिवचिवला चौकशीवाल्या साहेबांपुढे जायला आणखी पाच महिने लागले, पण गेली. माईवरचा ठपका पुसला गेला. परत बोलावणं आलं, ते तिने धुडकावलं. लांबडीला मात्र नुसती समज देऊन सोडलं. ते ऐकलं त्या दिवशी माई पुन्हा दार लावून बसली, आणि देवाला चांगलंच फैलावर घेतलं.