तुडवलेली कणीक

गारखेड्यात आमच्या सासूबाईंना सत्यभामा म्हणून कमी लोक ओळखतात, शेवयावाल्या मावशी म्हणून जास्त. बारीक, लांब, हाताने ओढलेल्या शेवया. मी मशीनचा विषय काढला की माझ्याकडे अशा बघतात, जणू मी घरच विकायला काढलंय. तीस वर्षांपूर्वी आम्हा बौद्धांच्या हातचं पाणीही न घेणारी घरं या गल्लीत होती म्हणे. तीच घरं आज महिनाभर आधी शेवया सांगून ठेवतात. सासूबाईंना त्याचा अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. माझी तक्रार एवढीच, की आपलं काही दुखतंय हे ही बाई मेली तरी कबूल करणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची!

संक्रांतीनंतर एका दुपारी मी कामावरून लवकर आले. ओट्यावर ओल्या फडक्याखाली अर्धवट मळलेली कणीक पडलेली, आणि सासूबाई दोन्ही मनगटं कोमट पाण्याच्या पातेल्यात बुडवून बसलेल्या. मला बघताच हात पदराखाली गेले.

"थंडीनं आखडल्यात," म्हणाल्या.

डॉक्टरचं नाव काढलं तर रागावल्या. रमजान ईद दोन महिन्यांवर आलेली, शीरखुर्म्याच्या शेवया कबूल केलेल्या. त्या दिवसापासून एकच प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. हे हात गेले, तर सासूबाई सकाळी उठून करणार काय? नवरा म्हणाला, "मेघा, तू लई विचार करतीस." त्याचं काय जातंय! पातेलं त्याने थोडंच पाहिलं होतं?

मी शेंद्र्याच्या एका कंपनीत नोकरीला आहे. तिथल्या जपानी साहेबांमुळे जालना रोडच्या मागे उडॉनचं एक हॉटेल निघालं, आणि आता साहेबांपेक्षा आपलेच लोक तिथे जास्त गर्दी करतात. उडॉन म्हणजे पेन्सिलीएवढ्या जाड गव्हाच्या शेवया, गरम रश्शात सोडलेल्या. म्हटलं, शेवयांच्या निमित्ताने सासूबाई घराबाहेर तरी पडतील, आणि चार माणसांत हातांचा विषय काढता येईल. सोबत जैतुनबींना घेतलं. या शेजारच्या, सासूबाईंच्या सगळ्यात जुन्या मैत्रीण आणि पहिल्या गिऱ्हाईक. ईदच्या शेवया कबूल केल्या होत्या त्या त्यांच्याच घरासाठी.

रविवारी दुपारी हॉटेलच्या दारातल्या निळ्या अर्ध्या पडद्याबाहेर बाकावर आम्ही पाऊण तास बसलो.

"शेवया खायला रांग?" सासूबाई म्हणाल्या. पण मनातून खूष होत्या, मला कळतं.

आत जैतुनबींनी रश्शात काय काय आहे ते दोनदा विचारून घेतलं. मी आधीच फोन करून साधा मशरूमचा रस्सा सांगून ठेवला होता. जड मातीचे तीन वाडगे समोर आले, सोबत खायच्या काड्या. सासूबाईंच्या हातातून काड्या चारदा पडल्या. जैतुनबींच्याही पडल्या, त्यामुळे दोघी हसल्या. मी हसले नाही. मी मनगटाकडे बघत होते.

खरी पंचाईत वाडग्याची झाली. तिथे वाडगा तोंडाला लावूनच रस्सा प्यायचा. आजूबाजूला भुरक्यांचे आवाज चाललेले. सासूबाईंनी दोन्ही हातांनी वाडगा उचलला, तो वीतभर वर गेला, थरथरला आणि रस्सा पातळावर सांडला. त्यांनी तो घाईने खाली ठेवला.

"तापलंय लई," त्या म्हणाल्या.

वाडगा तापलेला नव्हता. मी हात लावून पाहिला होता. आता विचारावंच म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्या किंचाळल्या, "अगं बया! त्यो कणकीवर नाचतोय!"

किचनच्या काचेमागे स्वयंपाकी खरंच कणकीच्या गोळ्यावर उभा राहून पाय मारत होता. सासूबाईंनी वाडगा दूर सारला. "अन्नाला पाय लावत्यात! आन मला ते खाऊ घातलंस व्हय गं?" शेजारची टेबलं वळून बघायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गडबड ऐकून स्वयंपाकीच बाहेर आला. सांडू त्याचं नाव, गंगापूरचा, जपानात शिकून आलेला.

"मावशी, कणकीला पाय लागत नाय," तो म्हणाला. "जाड प्लास्टिकात गुंडाळतो, वरून कापड, पायात धुतलेले मोजे. कणीक लई घट्ट असती. रोज हातानं मळली तर मनगटं जात्यात. आमच्या मालकाची आई ऐंशीची व्हईस्तोवर अशीच तुडवत व्हती."

सासूबाईंनी त्याच्या पायांकडे निरखून पाहिलं. मग म्हणाल्या, "जरा दाखव ती कणीक."

त्याने लिंबाएवढा गोळा आणून दिला. त्यांनी अंगठ्याने दाबला, कानाजवळ नेऊन ऐकल्यासारखं केलं, मग चिमटीत धरून हळूहळू ओढला. तो लांबत गेला, तुटला नाही. त्यांचे डोळे भरून आले.

"मेघा, माझी मनगटं गेली गं," त्या म्हणाल्या. "दिवाळीपास्नं. वढायला बोटं हायेत अजून. मळायला जोरच नाय."

दोन आठवडे हेच ऐकायला मी तडफडत होते, आणि आता ऐकवेना.

त्या जैतुनबींकडे वळल्या. "तुला खोटं नाय सांगायची. यंदा कणीक पायानं तुडवावी लागंल. कापडातनं, धुऊन, पण पायच. सगळ्यांना सांगूनच देणार हाय. लोकांनी माझ्या हातचं खावं म्हणून जल्म गेला. आता पाय म्हटल्यावर गल्ली काय म्हणंल, ठावं नाय. तुला चालत नसंल तर आत्ताच सांग."

जैतुनबींनी काड्या खाली ठेवल्या. या एका बाईने नाही म्हटलं, तर सासूबाई पुन्हा कधी शेवयांचा पाट मांडणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं.

"पयले साल तेरी शेवई घर लाई," जैतुनबी म्हणाल्या, "तो गल्ली की औरतां पूछे, किसके हाथ की है. मैं बोली, पयले खाओ, फिर पूछो." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "अब्बी वहीच बोलूंगी. तू ये खतम कर, ठंडा होरा."

आणि त्यांनी सासूबाईंच्या वाडग्याखाली आपला हात घातला. सासूबाईंचे दोन आणि जैतुनबींचा एक, अशा तीन हातांनी तो वाडगा वर गेला, आणि सासूबाईंनी एवढा मोठा भुरका मारला की सांडूसुद्धा काचेकडे जाता जाता थांबला.