एका बोटाचं काजळ

इकडं ये, जवळ सरक. तिथं दाराशी उभी राहून काय ऐकू येते तुले? अन् आधी तो हात डोळ्यावरून काढ. कवापासून पाहून राह्यली मी, चोळून चोळून लाल केला डोळा. शिकलेली पोरगी तू, अन् ज्या ओढणीनं डोळा पुसतं त्याच ओढणीनं लेकराचं तोंड? बस, अन् ऐक.

तवा मी अठरा वर्षांची असेन. इंग्रजाचं राज होतं. इंझोरीकडच्या एका खेड्यात आमचं घर. घरात सहा लेकरं, पाच जावेची अन् एक माही, पाळण्यातली. सासूले मी आत्याबाई म्हणे. घर त्यांच्या शब्दावर चाले.

श्रावण लागला की साऱ्या गावाचे डोळे येत. कपाशीची पऱ्हाटी निंदाले गेलं की चिलटं डोळ्यांशी घोंगावत, घरी आलं की माश्या. सकाळी उठावं तं पापण्या चिकटलेल्या. आमच्याकडं समज असा, की डोळे आलेल्याकडं पाह्यलं की आपलेही येतात. म्हणून आत्याबाई लेकरांले एकमेकांकडं पाठ करून जेवाले बसवत. कोणी चुकून वळून पाह्यलं की धपाटा! आता हसतं तू, पण तवा घरात जिकडं पाहावं तिकडं पाठीच पाठी दिसत, बाई.

अन् जेवणं झाली की काजळ. पितळेची एक डबी. एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलं काजळ, लोण्यात घोटलेलं. आत्याबाई लेकरं रांगेनं उभी करत अन् एकाच बोटानं साऱ्यांच्या डोळ्यात भरत. ज्याचे डोळे जास्त लाल, त्याले पयले. "थंडावा येते," म्हणत. तेच बोट डबीत, तेच पुढच्याच्या डोळ्यात. मग पदराच्या एकाच टोकानं साऱ्यांची चिपडं पुसत. माया होती त्यात, खोटं नाही बोलत मी.

त्या साली माह्या लेकीचे डोळे आले. दहा महिन्यांची लेक. पाळण्यावर चारी बाजूनं लुगडं टाकून ठेवलं होतं, कोणाकडं म्हणून पाहू दिलं नव्हतं. काजळ तेवढं रोज व्हायचं. दोन दिवसांत उजवा डोळा असा सुजला की बुबुळ दिसेना. मांडीवर घेतली की हातानं माहं तोंड चाचपे. आमच्या गल्लीत एक म्हातारी होती. लहानपणी अशाच पावसाळ्यात तिच्या डोळ्यांत फूल पडलेलं, पांढरं. भिंत धरून चाले बिचारी. तिले पाह्यलं की वाटे, माह्या लेकीचंही असंच झालं तं? मंगरूळपीरले दवाखाना होता, पण झड लागलेली, नाल्याले पूर, गाडीची चाकं चिखलात अर्धी बुडत. जावं कसं?

अन् मंग एक गोष्ट माह्या ध्यानात आली. जावेची चौथी पोरगी भारी आडदांड. काजळाचं बोट जवळ आलं की कचकन चावे! म्हणून आत्याबाईनं तिचा नाद सोडला होता. ही पोट्टी दिवसभर भावंडांसमोर उकिडवी बसून त्यांचे डोळे पाहे अन् "कोंबड्यावाणी दिसतात!" म्हणून खिदळे. मार खाई, पण पाहे. बाकी साऱ्या लेकरांचे डोळे आले, हिचे नाही.

मी म्हटलं, पाहून येत असते तं पयले हिचेच आले असते. मंग हिले काय लागलं नाही? ते बोट!

दुसऱ्या दिवशी आत्याबाई डबी घेऊन आल्या. मी लेक पदराखाली ओढली.

"आत्याबाई, आजपासून हिले काजळ नको."

"काहून? माह्या हाताले इख लागलं काय?"

"तसं नाही. पण ते बोट साऱ्यांच्या डोळ्यांतून फिरून येते."

"माही स्वतःची सात लेकरं वाढवली म्या या बोटानं! तू कालची आली, अन् मले शिकवतं?"

जाऊ चुलीपाशी होती, फुंकणी तोंडाशी तशीच राह्यली तिची. मी तोवर त्यांच्यापुढं मान वर केली नव्हती. तरी म्हटलं, "आठ दिवस द्या मले. नाही उघडला डोळा, तं तुमी म्हणाल तसं."

"डोळा गेला तं तुह्या माथी," म्हणून त्या चालल्या गेल्या.

मी जुनं मऊ लुगडं फाडलं. चिंध्या उकळून काढल्या. झडीत वाळाव्या कुठं? चुलीवर दोरी बांधून तिच्यावर टाकल्या. गंजभर पाणी उकळून, झाकून थंड करायची. आधी आपले हात राखेनं घासून धुवायची, मंग एक चिंधी एका डोळ्याले, एकदाच, अन् लगेच चुलीत. दुसऱ्या डोळ्याले दुसरी. दिवसातून सात-आठ वेळा. जाऊ म्हणे, "अवो, असंच चाललं तं लेकीच्या डोळ्यापायी तू उघडी राहशील!"

तिसऱ्या दिवशी सूज उतरली. पाचव्या दिवशी सकाळी लेक जागी झाली, दोन्ही डोळे टक्क उघडले. बुबुळ काळंभोर, कुठं डाग नाही. दोरीवर हलणाऱ्या चिंध्यांकडं पाहून ती खुदकन हसली.

"पाह्यलं! पाह्यलं तिनं!" मी अशी ओरडली की गोठ्यातली गाय बिचकली.

आत्याबाई उठून आल्या. लेकीसमोर हात इकडून तिकडं नेला. तिची नजर हातामागं फिरली. त्या दिवशी डबी फडताळात गेली. अन् दोन दिवसांनी त्यांचेच डोळे आले! भारी मानी बाई. तोंड फिरवून म्हणाल्या, "ते तुह्यं पाणी उरलं असन तं ठेव इकडं. अन् चिंधी मले वेगळी दे."

"देते ना, आत्याबाई," एवढंच बोलली मी. पण आतून अशी नाचली, काय सांगू!

पूर उतरल्यावर लेकीले मंगरूळपीरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरानं डोळे तपासले. "चांगले राखले. कोणी सांगितलं हे?" तं आत्याबाईच छाती काढून म्हणाल्या, "आमच्या सुनेनं शोधून काढलं!" पुढच्या श्रावणात तं त्याच घरोघरी सांगत फिरल्या, ज्याची चिंधी त्याले, जशी काही त्यांचीच युक्ती. मी म्हटलं, असू दे.

ती लेक आता साठीची झाली. ओसरीत बसल्या बसल्या सांगते, दूर वळणावरून कोणाची बैलं येऊन राह्यली ते. पोळ्याले येणार हाये माह्याकडं. तूही लेकराले घेऊन ये, तिले भेट. अन् पोळ्याचीच कायले वाट पाहतं? त्याच्या आधीच ये, लवकर ये.